महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रवाळ आणि स्कूबा डायव्हिंग

महाराष्ट्रात हौशी पर्यटकांसाठीचे स्कूबा डायव्हिंग मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण–तारकर्ली–देवबाग या पट्ट्यात चालते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाण्याखालचे खडक आणि त्यांवर वाढलेले विरळ प्रवाळ ही इथली बुडी घेण्याची ठिकाणे. त्यांतील बराच भाग मालवण सागरी अभयारण्यात मोडतो. अंदमान किंवा लक्षद्वीपसारख्या सलग प्रवाळभित्ती इथे नाहीत, आणि त्या आहेत अशा समजुतीने जाणाऱ्याची निराशा होते. प्रवाळांना प्रतिकूल अशा पाण्यात तग धरून राहिलेली ही वस्ती आहे, आणि तिचे खरे महत्त्व यातच आहे. पालघर जिल्ह्यातील वसई-विरारच्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की समुद्र तोच असताना अर्नाळ्याला किंवा राजोडीला हे का दिसत नाही?

वसई-विरारचा समुद्र

वसईच्या दक्षिणेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचे मुख, आणि उत्तरेला अर्नाळ्याच्या बेटाजवळ वैतरणेचे मुख. दोन्ही नद्या पावसाळ्यात गाळ आणून ओततात. त्यात खंभातच्या आखातात नर्मदा, तापी, मही आणि साबरमती जो गाळ सोडतात त्याचाही वाटा मिसळतो. किनाऱ्यापुढचा समुद्रतळ उथळ आणि दूरवर पसरलेला. मुंबई–वसई भागात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक सुमारे पाच मीटरपर्यंत जातो, त्यामुळे तळाशी बसलेला गाळ दिवसातून दोनदा पुन्हा ढवळला जातो. परिणामी इथले पाणी बारमाही गढूळ असते. अशा पाण्यात डोळ्यांवर मुखवटा लावून उतरलात तरी स्वतःचा पसरलेला हात नीट दिसत नाही.

याला किनाऱ्याचे दुर्दैव समजण्याचे कारण नाही. याच गाळाबरोबर येणाऱ्या पोषक द्रव्यांवर बोंबील, जवळा आणि कोळंबी यांची पैदास होते. नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर आणि अर्नाळा इथल्या कोळ्यांची डोल ही खुंटांना बांधून ठेवायची जाळी. भरती-ओहोटीचा जोर हाच तिचा आधार. स्वच्छ निळ्या पाण्यात प्रवाळ वाढतात आणि गढूळ पाण्यात बोंबील, असा हा निसर्गाचा व्यवहार आहे.

तरीही उत्तर कोकण प्रवाळांपासून अगदीच वंचित नाही. मुंबईत मरीन ड्राइव्ह, हाजी अली आणि वरळीच्या खडकाळ किनाऱ्यावर काही चिवट जाती ओहोटीच्या डबक्यांत जगतात. ओलास्ट्रिया क्रिस्पाटा ही त्यांतली एक. काळ्या-पांढऱ्या रेषांमुळे ती ओळखू येते, पण चिखलाने माखलेल्या दगडावर ती शोधायला नजर सरावावी लागते. दुसरी स्यूडोसिडरास्ट्रिया, खडकाला चिकटून बसणारी. सागरी किनारा मार्गाच्या बांधकामापूर्वी, २०२० साली, हाजी अली आणि वरळी इथल्या अशा १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे बसवण्यात आल्या. इतक्या मोठ्या प्रकल्पाला मुठीएवढ्या प्राण्यांसाठी थांबून वाट काढावी लागली, कारण २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

मालवणचे पाणी आणि खडक

दक्षिणेकडे सरकावे तशी भरती-ओहोटी कमी होत जाते. मालवणला ती मुंबईच्या जवळपास निम्म्यावर येते. कोळंब, गड आणि कर्ली यांच्या खाड्या इथेही गाळ आणतात, पण त्याचे प्रमाण कमी. शिवाय मालवणसमोर खडकांची गर्दी आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग किल्ला ज्यावर बांधला ते कुरटे बेट, जवळचा पद्मगड, आणि पाण्यात बुडालेले, फक्त होडीवाल्यांना ठाऊक असलेले असंख्य खडक. आरमाराच्या काळात परक्या जहाजाला किल्ल्याजवळ फिरकू न देणारे हेच खडक आज प्रवाळांना पाय रोवायला जागा देतात. प्रवाळाच्या पिल्लाला चिखलात रुजता येत नाही, त्याला टणक पृष्ठभागच लागतो.

पावसाळ्याचे चार महिने मात्र मालवणातही समुद्र उसळलेला असतो, पाणी गढूळ होते, नद्यांच्या गोड्या पाण्याने क्षारता उतरते. दरवर्षी हे सोसून जगणाऱ्या जातीच इथे टिकल्या. म्हणून फांद्याफांद्यांचे नाजूक प्रवाळ इथे जवळपास दिसत नाहीत. दिसतात ते पोराइट्स, फेव्हाइट्स, गोनिआस्ट्रिया, टर्बिनारिया असे गोळ्यांचे, पापुद्र्यांचे आणि तबकांचे प्रकार. १९७० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रशास्त्रज्ञ एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांच्या ज्या जागा नोंदवल्या, त्यांत मालवणचा समावेश होता. तोवर कच्छचे आखात आणि लक्षद्वीप यांच्या मधल्या किनाऱ्यावर प्रवाळ असल्याचे फारसे कुणी धरत नव्हते.

काय दिसते

पोराइट्सची वसाहत लांबून शेवाळलेल्या धोंड्यासारखी वाटते आणि बहुतेक नवखे तिच्यावरून पुढे निघून जातात. हातभर अंतरावर स्थिर थांबले की पृष्ठभागावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसू लागते. एकेक ठिपका म्हणजे जेमतेम मिलिमीटरभराचा एक प्राणी. त्याच्या ऊतींत राहणारे एकपेशीय शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे यजमानाला देते. बदल्यात त्याला निवारा मिळतो. प्राणी स्वतःखाली चुनखडीचा थर रचत जातो. या जातीची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे डोक्याएवढा गोळा तयार व्हायला वीसेक वर्षे तरी लागतात. पायात घातलेल्या पंखाच्या एका फटक्याने तो कायमचा जखमी होऊ शकतो, हे पाण्यात उतरणाऱ्याने आधी समजून घ्यावे.

टर्बिनारियाची तबके गढुळपणा बऱ्यापैकी सोसतात. त्यांच्यावरचे प्राणी मोठे, गुंडीसारखे, उघड्या डोळ्यांना सहज दिसणारे. खडकांच्या कपारीत शेवंडाच्या लांब मिशा हलताना दिसतात. गोबरे आपापली बीळवजा जागा धरून असतात, तांबोशीचे थवे फिरतात, पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे माणसाला न घाबरता जवळ येतात. फुलपाखरू मासे, पोपटमासे, केंड, विषारी काट्यांचा सिंहमासा, बिळातून तोंड काढून बसलेली मोरे ईल हेही इथले रहिवासी. पोपटमासा प्रवाळावरचे शैवाल खरवडून खातो, त्याबरोबर चुनखडीही पोटात जाते आणि ती बारीक रेतीच्या रूपाने बाहेर पडते. खडकावर शैवाल माजू न देणारा हा मासा भरमसाट पकडला गेला तर प्रवाळ गुदमरतात. वर होडीच्या आसपास डॉल्फिन दिसतात, पण ते नशिबाचा भाग. त्यांच्या मागे होडी दामटणे गैर आहे.

दृश्यमानता चांगल्या दिवशीही काही मीटरच असते. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी, पहिल्या पाचेक मीटरमध्येच विरतो. म्हणून इथले खडक निळसर-तपकिरी भासतात आणि टॉर्च टाकल्यावरच खरे रंग उठून येतात. जाहिरातींतील झगझगीत छायाचित्रे पुष्कळदा दुसऱ्या समुद्रांतली असतात.

बुडीचे तंत्र

पाण्याखाली स्वतःच्या हवेवर श्वास घेण्याचे आजचे साधन फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केले. सिलिंडरमधील दाबाखालची हवा रेग्युलेटर सभोवतालच्या दाबाइतकी करून तोंडात देतो. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. उतरताना कानाचे पडदे दुखू लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, दर मीटरला हे करायचे. दुखू लागले तर थोडे वर येऊन पुन्हा करायचे. वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही, कारण दाब उतरला की फुप्फुसातली हवा फुगते. सगळ्या नियमांत हा पहिला.

मालवणात बहुतेक जण घेतात ती प्रशिक्षणाशिवायची, प्रशिक्षकाने धरून नेलेली छोटी बुडी. ती बहुधा दहा मीटरच्या आतच होते. दोन बोटांचे वर्तुळ म्हणजे सारे ठीक, आणि अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. जमिनीवरच्या सवयीने शाबासकीचा अंगठा दाखवला की प्रशिक्षक खरोखरच वर घेऊन जातो! दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, इतकेच काय, साधी सर्दी असली तरी ते आधी सांगितले पाहिजे. रीतसर शिकायचे असेल तर प्राथमिक परवान्यावर १८ मीटर आणि पुढच्या टप्प्यावर ३० मीटरपर्यंत जाता येते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची तारकर्ली येथील संस्था त्यासाठी प्रशिक्षण देते; सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. एकाहून अधिक बुड्या घेतल्यानंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा.

अभयारण्य आणि मच्छीमार

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा आणि उरलेला २५.९४ चौरस किलोमीटरचा बाह्य भाग. घोषणेला मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, आणि तो समजण्यासारखा होता. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्याचे सारे आयुष्य याच पाण्यावर चालते; आपल्याला बाजूला सारून कागदावर सीमा आखल्या गेल्या, ही त्याची तक्रार खोटी नव्हती. दुसरीकडे, मोठ्या यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांनी मासा उपसला जाण्याची भीतीही त्याच रापणकारांना होती. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०१० च्या दशकात सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधतेचा जो प्रकल्प राबवला गेला, त्यात स्थानिकांना सोबत घेण्यावर भर होता. आज पर्यटकांना पाण्याखाली नेणारे अनेक तरुण मच्छीमारांच्या घरांतले आहेत. कुठल्या खडकामागे ओढ कशी असते हे त्यांना शिकवावे लागत नाही. या किनाऱ्याच्या रक्षणाची सर्वांत मोठी आशा मला त्यांच्यातच दिसते.

धोके

पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखाद्या अंशाने काही आठवडे चढे राहिले, की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हेच विरंजन. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे जगभर घडले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. त्यावर मालवणच्या एकट्या गावाचा इलाज चालणार नाही. पण नांगर प्रवाळावर टाकणे, तुटलेली जाळी खडकांत अडकून राहणे, फोटोसाठी वसाहतीवर उभे राहणे, मासे जवळ यावेत म्हणून पाव आणि बिस्किटे टाकणे, हे सगळे थांबवणे हातातले आहे. पाव खायला जमणारी माशांची झुंबड फोटोत छान दिसते, पण शैवाल खाऊन खडक साफ ठेवण्याचे त्यांचे काम त्या वेळी थांबलेले असते. प्रवाळ तोडणे किंवा जवळ बाळगणे, मेलेला तुकडासुद्धा, हा तीन ते सात वर्षे कैदेचा गुन्हा आहे.

माणसाच्या सुरक्षेचाही हिशेब ठेवावा लागतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. अपघात बुडीत झाला नाही, परतीच्या होडीत झाला.

इतर ठिकाणे

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. लांबी सुमारे ४० आणि रुंदी सुमारे १५ किलोमीटर. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे ठिकाण किनाऱ्याच्या गाळापासून दूर, म्हणून पाणी नितळ आणि प्रवाळ भरघोस. माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर असल्याने ते नवख्याचे काम नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ‘सागर संपदा’ या संशोधन नौकेवरून तिथे शास्त्रीय मोहीम झाली. या पठाराला कायद्याचे भक्कम संरक्षण मिळणे मालवणपेक्षाही निकडीचे आहे. निवतीच्या खडकांजवळ नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका बुडवून कृत्रिम भित्ती आणि डायव्हिंगचे ठिकाण करण्याचा प्रकल्पही राज्याने हाती घेतला. गोव्यात ग्रँडे बेट आणि कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी ही जवळची ठिकाणे. नेत्राणीचे पाणी मालवणपेक्षा स्वच्छ. खरी प्रवाळभित्ती पाहायची तर अंदमानातील स्वराज द्वीप किंवा लक्षद्वीपमधील कदमत गाठावे.

वसईहून जाणाऱ्यांसाठी

वांद्रे–मडगाव गाडी ऑगस्ट २०२४ पासून वसईमार्गे धावते. कणकवली किंवा सिंधुदुर्ग स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने मालवण. हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही पाणी थंडीच्या महिन्यांत बरे. होडीत पाय ठेवण्यापूर्वी लाइफ जॅकेट मागून घ्या आणि परतताना ते काढू नका. प्रशिक्षकाचा परवाना पाहा. होडी नांगर टाकून उभी राहणार की बांधलेल्या बोयाला, हे तांडेलला विचारा, आणि नांगर खडकावर पडणार असेल तर दुसरी होडी बघा.