हँडलपासून सेल्फपर्यंत

येवला तालुक्यात अंदरसूलजवळ माझ्या मामांची शेती आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी तिथे गेलो होतो. लाल कांदा काढून झाला होता, ट्रॉली भरून उभी होती आणि सकाळी येवल्याच्या बाजार समितीत लिलावाला पोचायचे होते. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत साठवून ठेवता येत नाही, तो लगेच विकावा लागतो. मामांनी जुन्या ट्रॅक्टरची किल्ली फिरवली. 'टक्' असा आवाज झाला, इंजिन जरासे कण्हले आणि गप्प झाले. दिवे मात्र लख्ख लागत होते. "बॅटरी चांगली आहे, सेल्फच गेला," मामा म्हणाले. शेजारी म्हणाले, "किल्ली फिरवली की दिवे मंद होतात, म्हणजे बॅटरीच बसली." दोन्ही निदाने पटण्यासारखी होती आणि दोन्हींचा खर्च काही हजारांच्या घरातला होता.

ज्याला आपण 'सेल्फ' म्हणतो तो सेल्फ स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी विद्युत मोटर. तो का बिघडतो हे समजायचे तर तो कसा घडला हे पाहणे उपयोगी पडते. त्याचा प्रत्येक भाग कुठल्या तरी अडचणीचे उत्तर म्हणून आलेला आहे.

अंतर्ज्वलन इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. हवा आत ओढणे आणि ती दाबणे ही कामे स्फोटाच्या आधी व्हावी लागतात, आणि त्यासाठी इंजिन कोणीतरी बाहेरून फिरवावे लागते. सुरुवातीला हे काम माणसाचा हात करी. मामांच्या विहिरीवर पूर्वी डिझेल इंजिन होते. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि अशा इंजिनांचा आवाज पुढे महाराष्ट्रातल्या कितीतरी मळ्यांत ऐकू येऊ लागला. डिझेल इंजिनात हवा पंधरा-वीस पट दाबली जाते. एवढा दाब हाताने पार करणे अवघड. म्हणून एक छोटा खटका असे. तो उचलला की झडप उघडी राही आणि दाबच तयार होत नसे. मग हँडल मारून जड फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. फ्लायव्हीलमध्ये साठलेली गतिज ऊर्जा पहिला दाब पार करून नेई.

पेट्रोलच्या मोटारींचा धोका निराळा होता. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरे आणि हँडल हातावर आदळे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला डॉक्टरांनी 'शोफरचे फ्रॅक्चर' असे नावच दिले आहे. ताकदवान आणि सरावलेल्या माणसाखेरीज इतरांना मोटार सुरू करणे जवळजवळ अशक्य होते.

दाबलेली हवा, स्प्रिंग, विद्युत मोटर असे अनेक उपाय करून पाहिले गेले. व्यवहारात टिकला तो चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याचा उपाय. विद्युत मोटर वापरायची तर ती जवळपास इंजिनाएवढी मोठी लागेल, असा जाणकारांचा आक्षेप होता. केटरिंगने पूर्वी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्रांसाठी छोटी मोटर बनवली होती. गल्ला उघडायला क्षणभरच जोर लागतो, त्यामुळे मोटरकडून तेवढ्यापुरते तिच्या नेहमीच्या क्षमतेहून कितीतरी जास्त काम घेता येते. काही सेकंदांत तिला तापायला वेळच मिळत नाही. हाच विचार त्याने इंजिनाला लावला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारी विजेच्या स्टार्टरसह बाजारात आल्या. इंजिन सुरू झाले की तीच मोटर जनित्र बनून बॅटरी भारीत असे.

आज स्टार्टरचे दंतचक्र फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते. मोटरच्या दहा-पंधरा फेऱ्यांत इंजिनाचा एक फेरा होतो, त्यामुळे जोर तितक्याच पटीने वाढतो. पण इंजिन सुरू होऊन मिनिटाला दोन हजार फेरे घेऊ लागले तर त्याच पटीने मोटर वीस-तीस हजार फेरे फिरेल आणि तिच्या चिंध्या होतील. व्हिन्सेंट बेंडिक्सच्या रचनेत दंतचक्र स्क्रूसारख्या आट्यांवर बसवलेले होते. मोटर फिरली की ते पुढे सरके, आणि इंजिनाने वेग घेतला की आपोआप मागे फेकले जाई. रचना पुढे बदलल्या, तरी गॅरेजमध्ये या भागाला आजही 'बेंडिक्स'च म्हणतात.

राहिला प्रश्न स्विचचा. मोटरला शेकडो अँपिअर धारा लागते, आणि ती किल्लीतून नेता येत नाही. म्हणून किल्ली एका विद्युतचुंबकाला, म्हणजे सॉलेनॉइडला, थोडी धारा देते. तो लोखंडी दांडा ओढतो, दांड्यामुळे दंतचक्र पुढे जाते आणि तांब्याचे जाड संपर्क जुळतात. आपल्याला ऐकू येते ती 'टक्' हीच. 'टक्' आली म्हणजे किल्ली आणि सॉलेनॉइडचे वेटोळे काम करीत आहेत. दोष पुढे शोधायचा.

भारतात १९६१ साली मद्रासजवळ लुकास-टीव्हीएस ही वाहनांची विद्युत सामग्री बनवणारी कंपनी स्थापन झाली, आणि १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या चांगल्याच ओळखीचा झाला. केटरिंगची कल्पना अशा वाटेने आपल्या बांधावर आली.

आता मामांच्या ट्रॅक्टरकडे परत येऊ. माझ्या पिशवीत मल्टिमीटर होता. मामांनी किल्ली फिरवली, तेव्हा बॅटरीच्या दोन टोकांमधला दाब अकरा व्होल्टच्या खाली गेला नाही. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवली. ही दोन ठिकाणे अर्थच्या जाड पट्टीने जोडलेली असतात, तेव्हा तिथे अर्ध्या व्होल्टहूनही कमी दिसायला हवे. किल्ली फिरवताच काटा जवळजवळ पाचवर गेला.

ओहमच्या नियमाने हिशेब करा. धारा २५० अँपिअर धरली तर पाच व्होल्ट खाणारा रोध फक्त ०.०२ ओहम होतो. एवढा छोटा रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या मापावर दिसतही नाही. हेडलाइटच्या दोन दिव्यांना सुमारे नऊ अँपिअर लागतात. त्यांच्यासाठी याच सांध्यात ०.२ व्होल्टही जात नाहीत, म्हणून ते लख्ख लागतात. मोटरच्या वाट्याला मात्र अकरापैकी सहाच व्होल्ट उरतात. त्याच वेळी दिव्यांनाही तेवढेच मिळतात, म्हणून ते मंद होतात. मामा आणि शेजारी दोघांनी पाहिले ते खरेच होते, निष्कर्ष तेवढे चुकले. पट्टीच्या बोल्टखाली गंज आणि पांढरट थर साचला होता. बॅटरीची जोडणी सोडवून तो पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावले. मामींनी किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झाले. लिलाव गाठता आला.

वर्गात हे दाखवायला ट्रॅक्टर नको. एक टॉर्चचा सेल, खेळण्यातली मोटर, छोटा दिवा आणि मल्टिमीटर पुरे. सेल मोकळा असताना त्याचा दाब मोजा, मग दिवा जोडून, मग मोटर फिरत असताना आणि शेवटी मोटरचा आस बोटांनी क्षणभर धरून. थांबलेली मोटर सर्वांत जास्त धारा ओढते, कारण फिरताना तिच्यात निर्माण होणारा विरोधी दाब आता नसतो. नंतर मार्गात फ्यूजची बारीक तार घाला आणि तिच्या दोन टोकांमधला दाब मोजा. मार्ग तोडलात तर तो शून्य होईल. दोष धारा वाहत असतानाच दिसतो, हे मुलांना एकदा डोळ्यांनी पाहू द्या.

एक गोष्ट मात्र खेड्यातल्या मुलांना आवर्जून सांगा. सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभे राहून सॉलेनॉइडची टोके पान्याने जोडण्याची सवय जिवावर बेतते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होताच तो समोरच्या माणसावर चालून जातो. बॅटरीजवळ हायड्रोजनही असतो आणि एक ठिणगी त्याला पुरते. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावलेला आणि किल्ली फिरवणारा सीटवर, एवढे पाहिल्यावरच मीटर हातात घ्यावा.

मामांचे हँडल अजून गोठ्यात टांगलेले आहे. पुढच्या सहलीत एखाद्या मळ्यावर असे हँडल दिसले, तर मुलांना ते हातात घेऊन पाहू द्या आणि विचारा, हे काम आता कोण करते?