खूणगांठ, घंटा आणि यादी

झालेल्या गोष्टीची आठवण आणि करावयाच्या गोष्टीची आठवण या दोन निरनिराळ्या शक्ति आहेत. लहानपणीं पाठ केलेलें स्तोत्र म्हातारपणींहि बिनचूक म्हणणारा गृहस्थ सकाळीं टपालांत टाकावयाचें पत्र सायंकाळीं तसेंच खिशांत घेऊन घरीं येतो. पहिल्या प्रकारची स्मृति सांभाळण्यासाठीं मनुष्यानें ग्रंथ लिहिले. दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीसाठीं त्यानें तीन साधनें योजिलीं. गांठ, घंटा आणि यादी हीं तीं होत. हल्लीं स्मार्टफोनमध्यें ‘रिमाइंडर’चें जें अ‍ॅप असतें, तें या तिघांचें एकत्र कुटुंब आहे. परंतु पुष्कळ घरांत एकट्या घंटेलाच राबविलें जातें, आणि मग ‘एवढें यंत्र असून आठवण राहत नाहीं’ अशी तक्रार ऐकूं येते. या तक्रारीचें उत्तर तिन्ही साधनांच्या इतिहासांत सांपडतें.

या तिघांत सर्वांत साधी ती गांठ. बाजारांतून कांहीं आणावयाचें असलें म्हणजे पदराला किंवा उपरण्याला गांठ मारण्याची चाल जुनी आहे, आणि ‘खूणगांठ बांधणें’ हा वाक्प्रचार आजहि मराठींत वावरतो. गांठ मुकी असते. काय आणावयाचें तें ती सांगत नाहीं, किती वाजतां आणावयाचें तेंहि सांगत नाहीं. पण दुकानाशीं पैसे काढण्यासाठीं हात पदराकडे गेला कीं ती बोटांना लागते. आठवण जेथें उपयोगीं पडावयाची, तेथेंच ती व्हावी, हा गांठीचा गुण.

घंटा ही काळाची चाकर. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली म्हणजे ती २४ मिनिटांत भरून बुडे. ही एक घटिका, आणि अशा ६० घटिकांचा एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त याच घटिकापात्रानें साधीत. मात्र त्या वाटीवर नजर ठेवून कोणीतरी बसावें लागे. पुढें यंत्रें आलीं. अमेरिकेंतील लेव्ही हचिन्स यानें १७८७ सालीं केलेलें गजराचें घड्याळ पहांटे ४ वाजतांच तेवढें वाजे. हव्या त्या वेळेला लावतां येणाऱ्या गजराचें पेटंट फ्रान्समध्यें आंत्वान रेदिए यानें १८४७ सालीं घेतलें. मुंबईस विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. त्यासाठीं देणगी देणारे प्रेमचंद रायचंद यांनीं त्याला आपल्या मातोश्रींचें नांव दिलें. त्या दृष्टिहीन होत्या, आणि जैन आचाराप्रमाणें सूर्यास्तापूर्वीं भोजन व्हावें म्हणून त्यांना या घंटेचा उपयोग होई, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली, तर एका मातेसाठीं वाजणारी घंटा अवघ्या परिसराला ऐकावी लागे. घंटेचा गुण आणि दोष दोन्ही यांत आले. ती वेळेवर बोलते. परंतु ऐकणाऱ्याला त्या क्षणीं काम करतां येण्याजोगें आहे कीं नाहीं, हें तिला ठाऊक नसतें.

‘यादी’ या शब्दाच्या मुळाशीं फारसी ‘याद’ म्हणजे आठवण हा शब्द आहे, आणि मराठेशाहीच्या दप्तरांत टिपणवजा कागदाला ‘याद’ असेंच म्हणत. लंडनचे कागदविक्रेते जॉन लेट्स यांनीं १८१२ सालीं छापील रोजनिशी विक्रीस काढली, आणि करावयाच्या कामाला तारखेचा रकाना मिळाला. यादी एकहि काम विसरत नाहीं. तिचा दोष एवढाच कीं, ती उघडून पाहण्याची आठवण दुसऱ्या कोणीतरी करून द्यावी लागते.

१९९६ सालीं अमेरिकेंत निघालेल्या पायलट या तळहातावर मावणाऱ्या यंत्रांत यादी आणि घंटा एकत्र नांदूं लागल्या. गांठ तेवढी बाहेर राहिली होती. ती ऑक्टोबर २०११ मध्यें आंत आली. त्या महिन्यांत अ‍ॅपल कंपनीनें आयओएस ५ या प्रणालीबरोबर रिमाइंडर्स हें अ‍ॅप दिलें, आणि एखाद्या ठिकाणीं पोंचतांच किंवा तेथून निघतांच सूचना मिळण्याची सोय त्यांत ठेविली. २०१९ सालीं अमुक व्यक्तीला संदेश लिहूं लागतांच आठवण होण्याची योजना झाली. २०२३ सालीं वाणसामानाच्या यादीचे जिन्नस वर्गवार लागूं लागले आणि ठरल्या वेळेआधीं पूर्वसूचना मिळूं लागली. म्हणजे पदराची गांठ पुन्हा हातीं आली.

एकट्या घंटेवर भिस्त ठेवण्यांत काय धोका आहे, तें रुग्णालयांनीं पाहिलें आहे. अमेरिकेंतील रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनें एप्रिल २०१३ मध्यें इशारा दिला कीं, रुग्णांजवळच्या यंत्रांच्या शेंकडा ८५ ते ९९ गजरांत कोणताहि उपचार करण्याची गरज नसते. अष्टौप्रहर वाजणाऱ्या गजरांकडे परिचारिकांचें दुर्लक्ष होऊं लागतें, आणि खरा गजर त्या गोंगाटांत बुडतो. २००९ ते २०१२ या काळांत संस्थेकडे गजरांशीं संबंध असलेल्या ९८ घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकीं ८० घटनांत रुग्ण दगावले.

औषध घेण्याची आठवण करून देण्याच्या बाबतींतहि हाच अनुभव आला. केनियांतील ग्रामीण भागांत एचआयव्हीच्या रुग्णांना फोनवरून लघुसंदेश पाठविण्याचा एक प्रयोग झाला, आणि त्याचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. ४८ आठवड्यांत, ज्यांना संदेश नव्हता त्यांपैकीं शेंकडा ४० रुग्णांनीं औषधाचा नेम पुरेसा पाळला. ज्यांना आठवड्यांतून एकदां संदेश येई त्यांपैकीं शेंकडा ५३ जणांनीं पाळला. रोजच्या संदेशाचा मात्र म्हणण्यासारखा लाभ दिसला नाहीं.

फोनमधील अ‍ॅप वापरतांना हाच धडा ध्यानांत ठेवावा. ज्या कामाला ठरावीक घटका आहे, त्यालाच घंटा द्यावी. वडिलांचें रात्रीचें औषध किंवा सुटणारी गाडी हीं तशीं कामें. गाडीसाठीं पूर्वसूचनाहि लावावी, म्हणजे निघण्यास अवधि मिळतो. दुरुस्तीला दिलेला चष्मा आणणें हें काम वेळेशीं न बांधतां दुकानाच्या ठिकाणाशीं बांधावें. विजेचें बिल दरमहा फिरून येणाऱ्या सूचनेवर सोंपवावें. नुसतें ‘बँक’ असें न लिहितां ‘बँकेंत पासबुक भरून घेणें’ असें लिहावें. कृति दिसली कीं हात हलतो. बाकीचीं कामें मुकाट्यानें यादींत राहूं द्यावीं, आणि आठवड्यांतून एकदां ती यादी वाचण्यापुरती एकच घंटा ठेवावी. जी सूचना तीनदां पुढें ढकलली गेली, तिची वेळ तरी बदलावी किंवा ती खोडून टाकावी.

पदराला एका वेळीं दहा गांठी कोणी मारीत नसे. कारण मग कोणती गांठ कशाची, हें उमगलें नसतें. फोनमध्यें शेंकडों सूचना मावतात, पण त्या ऐकणारें मन पूर्वीं होतें तेवढेंच आहे. मोजक्या सूचना ठेवणाऱ्या घरांत औषधाची घंटा वाजली कीं कोणीतरी उठतें, आणि तेवढ्यासाठींच हा सारा खटाटोप आहे.