जांबोटीतला देवमासा

आमच्या जांबोटीत पाऊस धुवाधार, पण समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जावं लागतं. तरी एक देवमासा आमच्या घरात शिरला होता, त्याची ही गोष्ट.

काही वर्षांमागं पुतण्या आला. म्हणाला, "काका, पन्नास हजार द्या की. व्हेलच्या उलटीचा धंदा हाय, महिन्यात दुप्पट." ही उलटी म्हणजे अंबरग्रीस. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या आतड्यात होणारा, अत्तरात वापरतात तो मेणासारखा पदार्थ. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याचा व्यापार गुन्हा आहे. मी कायदा सांगून ओरडलो. पोरगं न जेवता निघून गेलं.

रात्री लहानपण आठवलं. बाबांनी कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ दाखवला होता. जटायू पडला तेव्हा मी लाकडाच्या पक्ष्यासाठी हमसून रडलो होतो. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयानं वाढलेली ही कला. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये स्वतःच्या गोठ्यात तिचं संग्रहालय मांडलं. २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

गुजरातेतही असंच घडलं होतं. व्हेल शार्क हा खरा देवमासा नव्हे, ती मुशीच्या जातीची. तिला २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. पण नुसत्या कायद्यानं मनं वळत नाहीत. २००४ पासून मोरारीबापूंनी तिला बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हटलं. गावोगाव त्यावर पथनाट्य झालं. मग कोळी स्वतःची महागडी जाळी कापून तिला सोडू लागले.

म्हटलं, ओरडण्यापेक्षा खेळ बरा. त्या गणपतीत गल्लीतल्या पोरांनी पुठ्ठ्याची देवमाशीण केली, पिल्लू केलं, एक दलालही केला. दोऱ्या धरायला पुतण्याला मुद्दाम बोलावलं. खेळात दलाल आला तशी एक चिमुरडी देवमाशिणीच्या आवाजात म्हणाली, "माझ्या पोटातलं विकून तुझं पोट भरणार होय?" सगळे हसले. पुतण्याच्या हातातली दोरी मात्र तशीच राहिली.

त्या रात्री तो आमच्याकडं जेवला. वाढताना खाली मान घालून म्हणाला, "काका, त्या माणसाला नाही सांगितलंय." मी आणखी भात वाढला, बाकी काही बोललो नाही.

देवमाशीण अजून माळ्यावर आहे, शेपूट उंदरांनी खाल्लंय. तुम्ही लहानपणी बाहुल्यांचा खेळ कुठं बघितला? जरूर लिहा.