चेसी एकाची, बॉडी दुसऱ्याची

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ती व्हिंटेज, अशी त्यातली व्याख्या आहे. ऐकायला ती अगदी सरळ वाटते. पण पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे घडलेल्या उंची मोटारींना ती लावायला गेलो की 'मूळ' या शब्दापाशीच गाडी अडते. कारण या गाड्यांना कारखान्यातून निघतानाचे असे एक स्वरूपच नव्हते. कारखान्यातून निघायची ती चाकांवरची नुसती चेसी. अंग तिला दुसराच कोणी, दुसऱ्याच गावात द्यायचा. त्यामुळे जुन्या मोटारींच्या बदललेल्या अंगाकडे विटाळ झाल्यासारखे पाहणे हे इतिहासाला धरून नाही, असे माझे म्हणणे आहे.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळांत वर्षानुवर्षे हेच होत आले: कंपनीकडून चेसी आणायची आणि बॉडी आपल्या कारागिरांनी बांधायची. ट्रकमालकाला तर हे समजावून सांगण्याचीही गरज नाही. रोल्स रॉइससारखी कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत हाच धंदा करत होती. इंजिन, गिअर, चाके तिची. अंग बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली यांच्यासारख्या कोचबिल्डरांचे. ही घराणी मुळात घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी. म्हणून मोटारींच्या प्रकारांची नावेही तबेल्यातूनच आली: फेटन, लँडो, ब्रूम. अॅश लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकलेला अॅल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा आणि रंगाचे थरावर थर. आपल्याकडेही मद्रासच्या सिम्प्सन कंपनीचा उगम बग्ग्या बांधण्यातलाच. यांत्रिक भाग दणकट होते, लाकडी सांगाडा मात्र खिळखिळा व्हायचा आणि फॅशन तर त्याहून लवकर बदलायची. मग चेसी तीच ठेवून नवे अंग चढवले जाई. जुने सोने मोडून नव्या घाटाचा दागिना करावा, तसा हा व्यवहार होता. त्यात कोणाला पाप वाटत नव्हते. युद्धाने तर शौकाचाही प्रश्न ठेवला नाही. १९१४ नंतर त्याच रोल्स रॉइसच्या चेसींवर चिलखती बॉडी बसल्या आणि त्या गाड्या रणांगणावर गेल्या.

हिंदुस्थानात तर गाडीचे अंग हा वापराचा आणि मिरवण्याचा, दोन्ही प्रश्न होता. १९०८ साली 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स रॉइस मुंबई ते कोल्हापूर या शर्यतीत सह्याद्रीचे घाट चढत सुमारे ६२० मैल धावली आणि नंतर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती घेतली. इथल्या रस्त्यांवर टिकते हे दिसल्यावर मोटार संस्थानिकांच्या दारात आली, आणि मग प्रत्येकाने तिला आपल्या गरजेचे रूप दिले. कोट्याचे महाराव उम्मेदसिंह यांनी १९२५च्या रोल्स रॉइसवर बार्करकडून वाघाच्या शिकारीसाठी सर्चलाइट आणि बंदुकांसाठी जागा असलेली बॉडी बांधून घेतली. अलवारच्या १९२४च्या लँचेस्टरचा मागचा भाग थेट राज्याभिषेकाच्या रथासारखा घडवलेला. यावर नेहमीचा शेरा तयार असतो: राजेलोकांची सणक, दुसरे काय! (अपमान झाला म्हणून महाराजांनी रोल्स रॉइस कचरा वाहायला लावली, ही गोष्ट अलवार, भरतपूर, हैदराबाद अशा तिघांच्याही नावाने सांगतात, एवढ्यावरून तिची किंमत कळावी.) पण सगळ्यांत विचित्र गाडी बनवून घेणारा संस्थानिक नव्हताच. १९१० च्या सुमारास कलकत्त्यातल्या मॅथ्यूसन या ब्रिटिश गृहस्थाने लोवेस्टॉफ्टच्या ब्रूक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार करून घेतली. चोचीतून गरम पाण्याचे फवारे, डोळ्यांत विजेचे दिवे, आणि मागून रस्त्यावर चुना टाकायची सोय, म्हणजे हंसाने घाण केल्याचा भास! रस्त्यात एवढा गोंधळ उडाला की पोलिसांनी तिला मज्जाव केला. पुढे ती नाभ्याच्या महाराजांकडे गेली आणि आज हेगच्या लौमन संग्रहालयात आहे. सणकीला वर्णभेद नसतो, हे ती गाडी उत्तम सांगते. ते कळते मात्र तिच्या अंगावरून, इंजिनावरून नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मग काय वाटेल ते चालेल? आक्षेप खरा आहे आणि त्याला इतिहासातच आधार आहे. १९६० नंतर जुन्या गाड्यांचे भाव चढू लागले, तेव्हा किती तरी बंद लिमोझिनांच्या आणि शववाहिका झालेल्या रोल्स रॉइसच्या बॉडी उतरवून त्यांवर उघड्या टपाच्या देखण्या बॉडी चढवल्या गेल्या. साध्या बेंटली सलून 'ल माँ' शर्यतीतल्या गाड्यांच्या थाटाच्या झाल्या. उघड्या गाडीला गिऱ्हाईक मिळते, लिमोझिनला कोण विचारतो! काम अनेकदा अप्रतिम असते; आजचा पत्रेवाला हूपरच्या पत्रेवाल्यापेक्षा कमी नाही. फरक कौशल्याचा नाहीच. १९३० साली जुनी बॉडी टाकून देणाऱ्यासमोर तशा शेकडो बॉडी होत्या आणि नव्या अंगाचे वय तो लपवत नव्हता. १९७० साली टाकलेली बॉडी कदाचित त्या जातीची शेवटची होती, आणि तिच्या जागी आलेली जणू १९२६ पासून तिथेच आहे, अशा थाटात विकली गेली. फेरफार आणि फसवणूक यांतली रेघ इथे आहे: बदल कधी झाला, कशासाठी झाला, आणि तो उघड सांगितला का. जुन्या मोटारींचा आंतरराष्ट्रीय महासंघ फिव्हा, त्याची ट्युरिन सनदही गाडीच्या वापराच्या काळात झालेल्या बदलांना तिच्या इतिहासाचा भाग मानते. अमेरिकेत तर फोर्ड कापूनकुपून केलेल्या हॉट रॉडना १९९७ साली पेबल बीचच्या प्रदर्शनात स्वतंत्र वर्ग मिळाला, तोही तरुण पोरांनी गॅरेजात केलेल्या कामाला.

म्हणून २०२१ च्या व्याख्येत 'मूळ' शब्द काढावा असे नाही, पण त्याला तारीख जोडावी लागेल. १९२६ ची चेसी आणि १९३६ ची बॉडी घेऊन कोणी नोंदणीला आले, तर ती गाडी नापास करण्याआधी सीट उचलून लाकडावर ठोकलेला कोचबिल्डरचा बॉडी नंबर पाहावा, तो चेसीच्या जुन्या नोंदींशी ताडावा आणि कागदावर दोन्ही साले लिहावीत.