छायाचित्रांचा संग्रह आणि संस्करण

संगणकावर छायाचित्रांत वाटेल तो फेरफार करतां येऊं लागल्यापासून छायाचित्राची साक्ष संपली, असा सूर पुष्कळदां ऐकूं येतो. या आक्षेपांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, संगणकापूर्वींचें छायाचित्र सत्यवचनी होतें. इतिहास मात्र या समजुतीस दुजोरा देत नाहीं.

मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं होत. त्याच मंडळींतील विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील नाना जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केले. पहिल्यांत गुजराथ, कच्छ व काठेवाड, तर दुसऱ्यांत महाराष्ट्र आहे. यांतील पुष्कळ चित्रें जुळवलेलीं आहेत. माणसांच्या आकृति एका छायाचित्रांतून घ्यावयाच्या आणि त्यांच्यामागें दुसऱ्याच छायाचित्रांतील देखावा बसवावयाचा, अशी ती रीत होती. विलायतेंतही रेजलँडर यानें १८५७ सालीं तीसांहून अधिक काचांवरून एकच चित्र सिद्ध केलें होतें. तेव्हां छायाचित्राचें संस्करण हें छायाचित्रकलेच्या जवळजवळ बरोबरीनेंच जन्मलें, असें म्हणणें प्राप्त आहे.

मग संगणकानें नवें काय केलें? रसेल किर्श यानें १९५७ सालीं अमेरिकेंत एक छायाचित्र संगणकांत उतरविलें. त्याची लांबीरुंदी अवघी १७६ बिंदूंची होती. पुढें नोल बंधूंनीं रचलेली ‘फोटोशॉप’ ही आज्ञावली १९९० सालीं बाजारांत आली आणि कात्री व डिंक यांचें काम पडद्यावर होऊं लागलें. परंतु खरा भेद याच्याही पुढें आहे. २००७ सालच्या ‘लाइटरूम’सारख्या आज्ञावलींत मूळ चित्रास हात न लावतां केलेल्या फेरफारांची नोंद तेवढी वेगळी ठेवितात. जॉन्सनच्या वाचकापुढें जोडलेलें चित्रच काय तें होतें. आजच्या संग्राहकास मूळ व संस्कृत अशा दोन्ही प्रती जवळ ठेवितां येतात. साधन बदललें म्हणून सत्य गेलें नाहीं. मूळ प्रत पुसून टाकली, तरच तें जातें.

संस्करणाहूनही वर्गीकरणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जॉन्सनचे खंड, तसेच सरकारनें १८६८ ते १८७५ या काळांत काढलेले ‘दि पीपल ऑफ इंडिया’चे आठ भाग, यांच्या मांडणीचें सूत्र व्यक्ति हें नसून जात व प्रांत हें आहे. ज्या सदराखालीं चित्र ठेवावें, त्या सदराच्याच दृष्टीनें पुढील पिढ्या तें पाहतात.

हल्लींचा कॅमेरा चित्राबरोबर तिथि व वेळ नोंदतो. त्यासाठीं ‘एक्झिफ’ नांवाची पद्धति १९९५ पासून रूढ झाली. पण यंत्राची ही नोंद पुरेशी आहे काय? वऱ्हाडांतील मंगरूळपीरचेंच उदाहरण घ्या. मंगरूळ नांवाचीं गांवें एकाहून अधिक. अमरावती जिल्ह्यांत मंगरूळ दस्तगीर आहे. ‘पीर’ हें उपपद तेथील संत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळें आलेलें. हा तालुका पूर्वीं वाशीम जिल्ह्यांत होता. १९०५ सालीं तो जिल्हा मोडून अकोल्यांत मिळाला, आणि १९९८ सालीं वाशीम पुन्हां वेगळा झाला. आतां एकाच दर्ग्याचीं दोन छायाचित्रें घ्या, एक १९५० चें व एक २००० चें. पहिल्याच्या पाठीवर ‘जिल्हा अकोला’, दुसऱ्यावर ‘जिल्हा वाशीम’. संगणकास जिल्ह्यावार लावावयास सांगितलें, तर तो त्यांची निमूटपणें ताटातूट करील. दोन्ही नोंदी आपापल्या जागीं खऱ्या असूनही!

म्हणून जुनी नोंद खोडूं नये. तिच्याशेजारीं आजची लिहावी. संगणक सारखे दिसणारे चेहरे एकत्र आणूं शकतो. परंतु हा चेहरा कोणाचा, हें त्यास कोणीतरी सांगावेंच लागतें. तें सांगूं शकणारीं वडील माणसें घराघरांत आहेत तोंवरच हें काम उरकलें पाहिजे. आज्ञावल्या नव्या निघतील, जुन्या बंद पडतील. ‘पिकासा’ २०१६ सालीं बंद पडलीच. राहून गेलेलें नांव मात्र मागाहून कोणतेंही यंत्र भरून देणार नाहीं.