सशामागचा कुत्रा : संकराचा एक विस्मृत इतिहास

सशाच्या शिकारीसाठी कोणता कुत्रा योग्य, हा प्रश्न वरकरणी साहित्याच्या अभ्यासकाचा नाही. परंतु या प्रश्नाच्या पोटात भाषा, भूगोल आणि सत्ता असे तिन्ही विषय दडलेले आहेत, असे आम्हांस वाटते. आरंभ भाषेपासूनच करावा. बीळ करून कळपाने राहणारा युरोपीय ससा आणि उघड्या रानात एकटा राहणारा आपला रानससा या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे. इंग्रजीत मात्र दोन आहेत, आणि तेथील शिकारीचे शास्त्रही त्या भेदावर उभे आहे. बिळातल्या सशासाठी लहान चणीचा, बिळात शिरणारा कुत्रा लागतो. मानेवर काळा डाग मिरवणारा आपला ससा बीळ खणत नाही. दिवसा तो गवतात अंग चोरून बसतो आणि कुत्रा अगदी जवळ आला म्हणजे उसळून धावत सुटतो. त्याच्यासाठी पळणारा कुत्रा हवा.

पण केवळ पळणारा असून भागत नाही. पळण्यासाठी रान कसे आहे, हेही पाहावे लागते. देशावरील माळरानात कारवानी कुत्रा शोभतो. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट आणि नजरेवर चालणारी शिकार ही त्याची लक्षणे. पश्चिम आशियातून व्यापारी तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज आले, असे त्याचे नावच सुचवते. त्यातील लांब केसांच्या कुत्र्यास 'पश्मी' म्हणतात. कुंभार्ली घाट उतरून चिपळुणास आले की मात्र रानाचे रूप पालटते. वर जांभ्या दगडाचे उघडे सडे, आणि सड्याची कड संपताच करवंदीच्या जाळ्या व दाट झाडी. सड्यावर कारवानी कुत्रा सशाला गाठेलही. परंतु ससा जाळीत शिरला की नजरेचा शिकारी आंधळा होतो. तेथे गावठी कुत्र्याचे नाक, त्याचा काटकपणा आणि मुसळधार पावसाला सरावलेली कातडी कामाला येते. वेग एकाचा आणि नाक दुसऱ्याचे, हे संकराचे साधे तर्कशास्त्र या भूमीनेच शिकवलेले आहे. त्यातही प्रमाणाचा प्रश्न उरतोच. कारवानी रक्त जास्त झाले तर कुत्रा जाळीपाशी थबकणार, गावठी जास्त झाले तर ससा सड्यावरच निसटणार.

या विद्येस आपल्याकडे ग्रंथाधारही आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' आपण सहसा त्यातील मराठी पदांच्या ओळींसाठी आठवतो. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये 'सारमेयविनोद', म्हणजे कुत्र्यांचा खेळ, हाही एक आहे. पुढे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीस बांधली गेली. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी कथा सांगतात. लोककथेत तर याहून चमत्कारिक प्रसंग येतो. सशाने कुत्र्यावरच चाल केली आणि तेथील भूमीचे तेज पाहून राजाने नगर वसवले, ही कथा विजयनगराविषयी सांगितली जाते, तशीच अहमदाबादेविषयीही. नित्याचा क्रम उलटणे हेच तेथे राज्यस्थापनेचे चिन्ह ठरते.

या सर्व उल्लेखांत कुत्रा राजाचा आहे. सामान्य शिकाऱ्याचा कुत्रा कोठे आहे? इंग्लंडमध्ये याचे उत्तर कायद्यातच सापडते. १३९० च्या सुमाराच्या कायद्याने वर्षाला चाळीस शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असणाऱ्यास शिकारी कुत्रा पाळण्याची मनाई केली. पुढे गरिबांच्या हाती दिसतो तो 'लर्चर', म्हणजे ग्रेहाउंड आणि मेंढपाळी कुत्रा किंवा टेरियर यांचा संकर. दिसायला साधा, पळायला उमदा, आणि चोरट्या शिकारीच्या आरोपाने कायमचा बदनाम. साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा हीच सरमिसळ त्याने हौसेने केली. वाटेल त्या जातीच्या कुत्र्यांचा ताफा जमवून तरुण अधिकारी कोल्हे पिटाळीत, आणि त्या ताफ्यास 'बॉबरी पॅक' म्हणत. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हा शब्द आहे, आणि त्याचे मूळ आपल्या 'बाप रे!' या उद्गारात दाखवलेले आहे. संकर तोच. गरिबाने केला तर चोरी, आणि साहेबाने केला तर मौज!

शुद्ध जातीची कल्पना त्या मानाने अलीकडची. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. त्यानंतर वंशावळ लिहून ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि जात ही कामावरून न ठरता कागदावरून ठरू लागली. आपल्याकडे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी कारवानी वंश जोपासला. त्याला 'मुधोळ हाउंड' हे नाव मिळाले, आणि २००५ साली तो टपाल तिकिटावरही आला. गावठी संकराची वंशावळ मात्र कोणी लिहिली नाही.

माणसांच्या बाबतीतही निराळे घडले नाही. 'पारध' या राजस शब्दापासून 'पारधी' हा शब्द आला. पण वसाहतकाळात पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द होईपर्यंत टिकला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर सर्वांनाच बंदी आली. ती योग्यच होती. आज चिपळूणच्या सड्यावर सशामागे कुत्रा सोडणे हा गुन्हा आहे, आणि तसाच तो असावा. इंग्लंडनेही २००४ च्या कायद्याने रानसशामागे कुत्रे सोडण्यास मनाई केली.

तथापि शिकार थांबणे आणि शिकारीमागचे ज्ञान पुसले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारा कोणीकडचा, ससा कोणत्या गवतात बसेल, कोणत्या पिलाचे नाक चांगले निघेल, हे जाणणारा माणूस बहुधा निरक्षर होता. आमच्या शिकारसाहित्याने वाघ आणि बंदूक यांना जेवढी पाने दिली, त्याच्या शतांशही या माणसाला आणि त्याच्या कुत्र्याला दिली नाहीत. मुधोळचा कुत्रा तिकिटावर गेला, खंड्याला समाधी मिळाली. सड्यावरच्या त्या बेनामी संकराचा इतिहास लिहायचा तर साधने राजदप्तरात शोधून चालणार नाही. बोलींतील शब्द आणि वृद्धांच्या आठवणी हेच त्याचे दप्तर आहे, आणि ते दर वर्षी थोडे थोडे मिटत चालले आहे.