कुत्रा अंगावर आला तर काय करायचं? ग्वाल्हेरकरांसाठी आणि ग्वाल्हेरला जाणाऱ्यांसाठी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या अरुंद गल्ल्यांत भल्या पहाटे दूध आणायला निघालं, की कोपऱ्यावर कुत्र्यांचं टोळकं ठरलेलंच. त्यातलं एखादं गुरगुरत पुढे आलं की आपण पहिल्यांदा पळतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे आणि पळण्यात माणूस त्याला हरवू शकत नाही.

जागीच थांबा. अंग थोडं तिरपं, हात शरीराजवळ, नजरेला नजर नको. किंचाळण्यापेक्षा जड आवाजात 'हट्' म्हणा आणि पाठ न दाखवता भिंतीकडे सरका, म्हणजे मागून दुसरं येणार नाही. काठी, छत्री, झोळा, जे असेल ते मध्ये आडवं धरा. दात त्यात रुतले तर झोळा खुशाल सोडून द्या. खाली पडलातच तर गुडघे पोटाशी घ्या, हातांनी मान आणि कान झाका. स्कूटरवर असाल तर वेग वाढवू नका, हळूहळू थांबा. चाव्यापेक्षा गाडीवरून पडून जास्त लागतं.

चावलाच तर? इथे खरी चूक होते. जखमेवर मिरची, हळद, तेल, चुना लावणारे आजही आहेत. यातलं काहीही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी दवाखाना. जयारोग्यसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. चेहरा, मान, हात यांवरचे चावे जास्त धोक्याचे. लहान मुलं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात, तेव्हा त्यांना रागावू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली, की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

'पोटात चौदा इंजेक्शनं' ही भीती जुनी झाली. त्या लशीचं उत्पादन भारतात 2004 मध्येच थांबलं. आता दंडातच घेतात: त्वचेत दिली तर 0, 3, 7, 28 व्या दिवशी, स्नायूत दिली तर त्यात 14 वा दिवसही. पहिला डोस ग्वाल्हेरला आणि पुढचा पुण्या-नागपूरला घ्यायचा असेल तर कार्ड जपून ठेवा. लस कुठल्या पद्धतीने दिली ते त्यावर लिहून घ्या. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहतो का हे जरूर बघा, पण ते बघत लस थांबवू नका.

कुत्रा पाळीव असेल आणि मालकाने हयगय केली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली तक्रार करता येते; सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भटक्या कुत्र्याबद्दल नगर निगमला कळवा. दाद लागली नाही तर मध्य प्रदेशची 181 हेल्पलाइन आहेच.